थेरपी चालते, पण कशामुळे आणि कोणासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मानसिक आरोग्यावर आपल्या पुरवणीत येणारे लेख मी नेमाने वाचते. त्यांत दोन सूर पुन्हा पुन्हा ऐकू येतात. एक म्हणतो, अमुक उपचारपद्धती संशोधनाने सिद्ध झाली आहे, तेव्हा तीच घ्या. दुसरा म्हणतो, माणसाचे मन कुठल्याही प्रयोगात मावत नाही, ज्याचे त्याचे सत्य वेगळे, म्हणून समुपदेशकाच्या अनुभवावर भरवसा ठेवा. मी क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ आहे. क्लायंट पाहते आणि या कामात नव्याने येणाऱ्यांना सुपरव्हिजनही, म्हणजे त्यांच्या केसेसवर मार्गदर्शनही, देते. क्लायंट बहुधा पहिला सूर घेऊन येतात आणि नवे समुपदेशक दुसरा. संशोधन आणि प्रत्यक्ष काम यांच्यात जी दरी दिसते, ती वेळ किंवा सद्भावना कमी पडल्यामुळे आहे असे मला वाटत नाही. विज्ञान नेमके काय शोधते याविषयीची समजूतच दोन्हीकडे अपुरी आहे, आणि ती पुरी करायला तत्त्वज्ञानातला वास्तववाद, म्हणजे आपल्या ज्ञानाहून स्वतंत्र असे वास्तव असते ही भूमिका, फार उपयोगी पडतो. एवढेच सांगायला हे पत्र लिहिते आहे. ते लांबले आहे, तरी शक्य तितके छापावे.

दरी जुनी आहे. 1949 साली अमेरिकेत बोल्डर इथे भरलेल्या परिषदेने ठरवले, की क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ हा वैज्ञानिकही असावा आणि व्यावसायिकही. ध्येय उत्तम होते आणि आजही आहे. पण एकीकडे सांख्यिकीचा पेपर ठेवला आणि दुसरीकडे मुलाखतीची कौशल्ये शिकवली, की मधला धागा विद्यार्थ्याने आपला आपण शोधायचा असतो. बहुतेकांना तो सापडत नाही. परीक्षा संपली की संशोधन मागे पडते.

संशोधनाच्या बाजूने झालेले काम मोलाचे आहे, हे आधी स्पष्ट म्हणायला हवे. 1952 साली मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी दावा केला, की न्यूरोटिक (चिंता, भीती, उदासी अशा) तक्रारी असलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक रीतसर मानसोपचार न घेताही दोन वर्षांत सुधारतात; मग उपचारांनी नेमके काय साधले? त्यांच्या आकडेवारीवर पुढे बरीच टीका झाली, पण या प्रश्नाचा धाक बसला आणि क्षेत्र नियंत्रित चाचण्यांकडे, म्हणजे उपचार घेतलेल्या गटाची न घेतलेल्या गटाशी तुलना करण्याकडे, वळले. 1977 साली मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी 375 अभ्यास एकत्र मांडले. उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती उपचार न घेतलेल्या 75 टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत असते, असा निष्कर्ष त्यांतून निघाला. हे मोठे आश्वासन आहे. मात्र सरासरी हा गटाचा गुण आहे. त्याच गटात कुणी खूप सुधारलेले असते, कुणी जागचे हललेले नसते, कुणाचे बिघडलेलेही असते. माझ्यासमोर बसलेली बाई त्यांतली कोण, हे सरासरी सांगत नाही.

इथे बरेच समुपदेशक संशोधन सोडून देतात, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. सरासरी अपुरी पडते ती विज्ञान चुकते म्हणून नव्हे. विज्ञानाचे काम ‘अमुक केले की तमुक होते’ अशा जोड्या गोळा करण्याचे आहे, असे आपण मानून चालतो, म्हणून ती अपुरी पडते. ही कल्पना तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांच्यापासून चालत आली: कारण म्हणजे एका घटनेमागून दुसरी नेहमी येणे, त्यापलीकडे काही दिसत नाही. ‘चिकित्सक वास्तववाद’ मांडणारे तत्त्वज्ञ रॉय भास्कर यांनी 1975 साली या कल्पनेवर मुळातून प्रश्न उपस्थित केला. त्यांचा युक्तिवाद सोप्या शब्दांत असा. घटनांच्या अशा नियमित जोड्या निसर्गात सहसा आढळत नाहीत. प्रयोगशाळेत बाकीचे प्रभाव बंद करून त्या मुद्दाम घडवाव्या लागतात. तरीही प्रयोगशाळेत मिळवलेले ज्ञान आपण बाहेरच्या मोकळ्या, गुंतागुंतीच्या जगात वापरतो आणि ते कामाला येते. हे शक्य व्हायचे तर प्रयोगात सापडते ती जोडी नसून तिच्यामागची यंत्रणा असली पाहिजे. वस्तूंमध्ये, शरीरात, मनात, समाजात काही क्षमता असतात. परिस्थिती अनुकूल असेल तेव्हा त्या परिणाम घडवतात. नसेल तेव्हा दबून राहतात, किंवा दुसऱ्या यंत्रणेने त्यांचा परिणाम झाकला जातो. म्हणून भास्कर तीन पातळ्या वेगळ्या करतात: प्रत्यक्ष अनुभवाला येते ते, अनुभवाला येवो न येवो पण घडते ते, आणि घडवणारी यंत्रणा.

आपल्या परंपरेत न्यायदर्शनाने हीच गोष्ट धूर आणि अग्नी घेऊन समजावली आहे. जिथे धूर तिथे अग्नी हे खरे. पण जिथे अग्नी तिथे धूर हे खरे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओले सरपण लागते, आणि या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. नव्या समुपदेशकांशी बोलताना मला हा दाखला सगळ्यात जास्त उपयोगी पडला आहे. ‘या थेरपीचा या क्लायंटवर परिणाम का झाला नाही?’ असे कुणी विचारले, की मी विचारते: अग्नीच नव्हता, की सरपण ओले नव्हते?

आता प्रत्यक्ष कामातले एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण सगळे इथेच कळते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एका तरुणाला पॅनिकचे झटके येत. छाती धडधडली की आपल्याला हार्ट अटॅक येतोय असे त्याला ठामपणे वाटे. हृदयाच्या सर्व तपासण्या स्वच्छ होत्या. त्याच्यासोबत काम करणाऱ्या माझ्या सुपरव्हायजीने (माझ्याकडे सुपरव्हिजन घेणाऱ्या समुपदेशिकेने) नियमाप्रमाणे एक्स्पोजर, म्हणजे भीती वाटते त्या गोष्टीला मुद्दाम सामोरे जाणे, सुरू केले. जिने भरभर चढायचे, जागच्या जागी पळायचे, धडधड मुद्दाम आणायची आणि तिथून पळ काढायचा नाही. सेशनमध्ये भीती दर वेळी खाली येई. तक्ते सुंदर दिसत होते. पण घरी झटके पूर्वीसारखेच येत राहिले. सुपरव्हायजी म्हणाली, “मॅडम, मॅन्युअलमधलं सगळं केलं. याच्यावर एक्स्पोजर चालत नाही.”

एक्स्पोजर ‘चालते’ एवढीच माहिती हातात असेल, तर या वाक्यापुढे जाता येत नाही. ते कशामुळे चालते हा प्रश्न धरला, की पुढे जाता येते. या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही दशकांत बदलत गेले आहे. 1958 साली जोसेफ वोल्पी यांनी मांडले, की शिथिलता आणि भीती एकत्र नांदू शकत नाहीत, म्हणून शिथिलता भीतीला रोखते. 1986 साली एडना फोआ आणि मायकेल कोझाक यांनी भीतीची मनातली रचना जागी करून तिच्यात विसंगत माहिती घालण्यावर भर दिला. सेशनमध्ये भीती उतरणे हे त्या प्रक्रियेचे एक लक्षण मानले गेले. पुढे मिशेल क्रास्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की सेशनमध्ये भीती किती उतरली यावरून पुढचा टिकाऊ परिणाम भरवशाने सांगता येत नाही. त्यांच्या मते जुना भीतीचा संबंध पुसला जात नाही. त्याच्या जोडीला नवा संबंध शिकला जातो आणि तो जुन्याला दाबून धरतो. नवे शिकणे पक्के व्हायला माणसाची अपेक्षा सपशेल खोटी ठरावी लागते.

या प्रकाशात आम्ही त्या तरुणाकडे पुन्हा पाहिले. त्याच्या खिशात बोटाला लावून नाडी मोजणारे यंत्र असे, आणि व्यायामाच्या मधेमधे तो ते बघत असे. “आकडा ठीक आहे, म्हणून वाचलो,” हे तो शिकत होता. धडधड स्वतः निरुपद्रवी आहे हे शिकायची त्याला संधीच मिळत नव्हती. पॉल साल्कोव्स्किस यांनी 1991 च्या सुमारास अशा बचावात्मक वागण्याचे काम नेमके सांगितले होते: ज्या संकटाची भीती आहे ते येणारच नव्हते, हे कळण्याच्या आड ते वागणे येते. यंत्र बाहेर ठेवले. व्यायामाआधी त्याच्याकडून त्याचे भाकीत लिहून घेतले: किती मिनिटांत काय होईल, आणि ते होईल याची खात्री किती. मग तेच व्यायाम वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी, दमलेला असताना, एकटा असताना. हळूहळू झटके विरळ झाले.

या तरुणाच्या बाबतीत संशोधन मॅन्युअलमधून आले नाही, आणि सुपरव्हायजीच्या आतल्या आवाजातूनही आले नाही. यंत्रणेविषयीच्या एका दाव्यातून ते आले. त्या दाव्याने खिशातली वस्तू दिसायला लावली. आम्ही ज्याला केस फॉर्म्युलेशन म्हणतो, ते म्हणजे या माणसाचा त्रास नेमके काय टिकवून धरते आहे याविषयीचे गृहीतक. ते खरे असेल किंवा खोटे. खोटे असेल तर पुढच्या सेशनमध्ये तसे कळायला हवे, इतक्या स्पष्टपणे ते लिहिले पाहिजे. विज्ञान समुपदेशनाच्या खोलीत येते ते या वाटेने. माझ्या अनुभवात यापेक्षा भक्कम वाट नाही.

आता मोजमापाविषयी. नैराश्यासाठी वापरली जाणारी पीएचक्यू-9 ही प्रश्नावली नऊ प्रश्नांची असते, गुण 0 ते 27, आणि 10 किंवा त्याहून जास्त गुणांना सहसा लक्ष द्यावे लागते. ही प्रश्नावली मी वापरते आणि ती चांगली आहे. पण 16 गुण मिळालेल्या दोन व्यक्ती एकसारख्या नसतात. एकीची झोप, थकवा, मंदावलेली हालचाल ही सगळी थायरॉइडच्या कमतरतेतून आलेली असू शकते. दुसरीचे मूल गेलेले असू शकते. डेनी बोर्सबूम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली वैधतेची (चाचणी जे मोजायचे तेच मोजते का, याची) व्याख्या वास्तववादी अंगाने मांडली: चाचणी जे मोजते असे आपण म्हणतो ते खरोखर अस्तित्वात असले पाहिजे, आणि त्यातला फरकच गुणांतला फरक घडवत असला पाहिजे. ही कसोटी कडक आहे, तशीच ती असावी. गुण म्हणजे आजार नव्हे. गुण ही खूण आहे, आणि खुणेमागे काय आहे हे प्रत्येक वेळी शोधावे लागते.

काही वेळा ते माणसाच्या आत नसतेच. वरिष्ठाकडून रोज सगळ्यांसमोर अपमान होणारी एक क्लायंट माझ्याकडे ‘विचार सकारात्मक करायला’ पाठवली गेली होती. तिचे विचार परिस्थितीशी अगदी सुसंगत होते. ‘माझी इथे किंमत नाही’ हे तिच्या मनाचे विकृत अनुमान नव्हते. त्या जागेचे ते अचूक वर्णन होते. चिकित्सक वास्तववाद सत्ता, नोकरीची असुरक्षितता, भेदभाव यांनाही खऱ्या, परिणाम घडवणाऱ्या गोष्टी मानतो, मेंदूतल्या प्रक्रियेइतक्याच खऱ्या. तिला अधिक सोशिक बनवणे हे माझे काम नव्हते. तक्रार कशी नोंदवायची, कोणाला सोबत घ्यायचे, सोडून जायचे तर केव्हा, हे ठरवायला तिला बळ देणे हे काम होते. उपचारांची सगळी भाषा व्यक्तीच्या डोक्यात कोंडली गेली आहे याचे मला मनापासून दुःख होते.

इथवर वाचून दुसऱ्या सुराचे लोक म्हणतील: बघा, म्हणजे शेवटी माणसाचा अनुभवच खरा. त्यांच्या म्हणण्याचा मी आदर करते. प्रश्नावल्यांनी आणि लेबलांनी माणसे घडतात-बिघडतात हे त्यांनीच आम्हाला दाखवले. पण अनुभव आणि वास्तव एकच मानले तर किंमत मोजावी लागते. मोठ्या दुर्घटनेनंतर लगेच लोकांना बसवून एकाच बैठकीत सगळा प्रसंग बोलायला लावण्याची पद्धत, म्हणजे डीब्रीफिंग, 1980 च्या दशकापासून खूप पसरली. त्यात भाग घेतलेले अनेक जण ‘बरे वाटले’ असे म्हणत. ती बैठक चालवणाऱ्यांनाही आपण मदत केली असे वाटे. चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा आढळले, की अशा एकाच बैठकीने आघातोत्तर तणावविकार टळत नाही, आणि काही चाचण्यांत तर त्रास वाढलेला दिसला. बरे वाटणे खरे होते. बरे होणे नव्हते. भास्करांच्या पातळ्या वेगळ्या ठेवल्या नाहीत तर हा फरक मांडायला आपल्याकडे जागाच उरत नाही.

आणखी एक उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. समलैंगिकता हा मानसिक आजार आहे, असे मानसोपचाराच्या क्षेत्रात दीर्घकाळ मानले गेले. डॉक्टरांचा अनुभव तसेच सांगत होता, कारण त्यांच्याकडे येणारे समलैंगिक लोक दुःखी असत. मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हुकर यांनी 1957 साली 30 समलैंगिक आणि 30 विषमलैंगिक पुरुषांच्या मानसशास्त्रीय चाचण्यांची उत्तरे, नावे व ओळख काढून, नामवंत तज्ज्ञांसमोर ठेवली. ही माणसे दवाखान्यातून आलेली नव्हती. कोणती उत्तरे कोणाची हे तज्ज्ञांना वेगळे करता आले नाही. समायोजनातही, म्हणजे आयुष्याशी जुळवून घेण्यातही, दोन गटांत फरक दिसला नाही. 1973 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढले. त्यामागे कार्यकर्त्यांचा लढा होता आणि हा पुरावाही होता. प्रत्येकाचे सत्य वेगळे असे मानले, तर 1973 मध्ये फक्त मत बदलले एवढेच म्हणता येईल. उद्या पुन्हा उलटे बदलले तरी तक्रार करायला आधार राहणार नाही. वास्तववादी ठामपणे म्हणू शकतो: आधीचा दावा खोटा होता. तो खोटा असतानाच लाखोंच्या आयुष्यावर लादला गेला, आणि त्यांच्या दुःखाचे एक मोठे कारण समाजाची वागणूक हेच होते. आपले ज्ञान चुकू शकते असे म्हणायचे, तर आपल्या ज्ञानाहून वेगळे असे काही वास्तव मानावेच लागते.

संशोधकांनाही दोन शब्द. 2015 साली मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत निष्कर्ष सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय होते; पुन्हा करताना ते प्रमाण 36 टक्क्यांवर आले. ‘संदर्भ वेगळा होता’ हे उत्तर तेव्हा फार सहज दिले गेले. उपाधी असतात हे खरे, पण त्या आधी सांगाव्या लागतात. निकाल हाती आल्यावर सांगितलेली उपाधी ही पळवाट आहे. यंत्रणेवरचा सिद्धांत मुळात पक्का असता, तर कोणत्या परिस्थितीत परिणाम दिसणार नाही हे अगोदरच लिहिता आले असते. छोट्या नमुन्यांवरचे आणि आवडता निकाल मिळेपर्यंत आकडे फिरवून केलेले काम हे दुखण्याचे दुसरे अंग आहेच. त्यावर संदर्भाचे पांघरूण घालू नये.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन पॉल यांनी 1967 सालीच योग्य प्रश्न लिहून ठेवला होता: कोणता उपचार, कोणी दिलेला, कोणत्या विशिष्ट तक्रारीसाठी, कोणत्या व्यक्तीला, कोणत्या परिस्थितीत सर्वांत उपयोगी पडतो? 1997 साली रे पॉसन आणि निक टिली यांनी सामाजिक कार्यक्रमांच्या मूल्यमापनात त्यात ‘कोणत्या यंत्रणेने’ ही भर घातली. ही दोन्ही वाक्ये प्रत्येक अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात शिकवली पाहिजेत, आणि विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचा पेपर ऐच्छिक राहू नये. विद्यार्थ्यांना तो कंटाळवाणा वाटेल अशी भीती काही सहकाऱ्यांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. आपल्या खऱ्या क्लायंटवर तो लागू करून दाखवला की मुले वेळ संपली तरी उठत नाहीत.

आपल्याला एक विनंती. पुरवणीत एखाद्या थेरपीची बातमी छापताना ‘परिणामकारक ठरली’ एवढ्यावर थांबू नये. कशाशी तुलना केली, अभ्यासात कोण होते आणि कोणाला वगळले होते, किती जणांना फरक पडला नाही, कुणाचे बिघडले का, आणि ती कशामुळे काम करते असे संशोधकांना वाटते, एवढे प्रतिनिधीने विचारून लिहावे. जागा कमी पडत असेल तर शेवटचा प्रश्न ठेवावा आणि मथळा लहान करावा. त्या बातमीचे कात्रण हातात घेऊन कुणीतरी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे किंवा माझ्या एखाद्या सहकाऱ्याकडे येणार असते, आणि बातमीत तेवढे असेल तर आमचे पहिले सेशन बऱ्याच पुढच्या टप्प्यावरून सुरू होईल.

आपली,
एक क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ
(क्लायंटची ओळख जपण्यासाठी माझे नाव व गाव छापू नये, ही विनंती.)